महामारीत कॉलेज घरात आलं, तेव्हा



मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यातली कॉलेजं बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरी आठ-पंधरा दिवसांसाठी म्हणून गावी आल्या आणि महिनोन्‌महिने घरीच राहिल्या. त्यातल्या बऱ्याच जणी पुढे पदवीधर झाल्या. काही जणींचं शिक्षण मात्र तेव्हा सुटलं ते सुटलंच. त्यांच्याबद्दल आजही लोक म्हणतात, “सगळं मोबाईलवर मिळत होतं की! हिनंच केलं नाही.” हे कितपत खरं आहे, ते आज समजून घेऊ. आपल्यापैकी कुणाची लेक, कुणाची सून, कुणाची भाची त्यात आहे.

कॉलेज नक्की काय काय करतं?

पदवीच्या अभ्यासात प्रत्येक विषयाला श्रेयांक असतात. साधारण पंधरा तास शिकवलं की एक श्रेयांक धरतात. म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला साठ तास झाले. एका सत्रात असे पाच-सहा विषय.

या तासांत चार कामं होतात. शिकवणं, अभ्यासाचं साहित्य मिळणं, शंका विचारून सराव करणं आणि शेवटी परीक्षा. पण मुलीसाठी कॉलेज पाचवंही एक काम करतं, ते कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. सकाळी दप्तर घेऊन ती एसटीत बसली की दुपारपर्यंतचा वेळ तिचा असतो. तेवढ्या वेळात तिला कुणी पाणी भरायला सांगत नाही, भाकरी करायला सांगत नाही. कॉलेज बंद झालं तेव्हा पहिली चार कामं कशीबशी मोबाईलवर आली. पाचवं आलंच नाही.

मोबाईलवरचा तास किती महाग पडतो?

सुरुवातीला बहुतेक कॉलेजांनी रोजचं वेळापत्रक तसंच ठेवून मोबाईलवर व्हिडिओ तास घेतले. आता हिशोब करा. एक तासाच्या व्हिडिओला साधारण अर्धा ते एक जीबी नेट लागतं. रोज दीड जीबी देणारा पॅक असला, तर दोन-तीन तासांत तो संपतो. कॉलेजचे तास चार-पाच. त्यात घरात मोबाईल एक आणि शिकणारी पोरं दोन-तीन.

२०१७-१८ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभर घरांपैकी जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक चार-पाच घरांत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या शंभर बायकांपैकी तेहतीस जणींनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हाच आकडा सत्तावन्न होता. म्हणजे मोबाईल घरात असला तरी तो कुणाच्या हातात, हा प्रश्न होताच. भावाचा तास आणि बहिणीचा तास एकाच वेळी आला, तर मोबाईल कुणाला मिळाला असेल, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

काय चाललं, काय अडलं?

काही प्राध्यापकांच्या हे लवकर लक्षात आलं. त्यांनी व्हिडिओचा आग्रह सोडला. दहा-पंधरा मिनिटांचं बोलणं आवाजात भरून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. त्याला थोडंसंच नेट लागतं आणि रात्री रेंज आली की उतरवून घेता येतं. टिपणांचे फोटो पाठवले. ठरावीक वेळी फोन उचलून शंका सोडवल्या. मुलींनी उत्तरं वहीत लिहून त्याचे फोटो पाठवले.

यात नवं असं काही नव्हतं. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानं १९७१ पासून छापील पुस्तकं, रेडिओ आणि टीव्ही यांच्या आधारानं पदवीचं शिक्षण दिलं. आपल्याकडे नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. नोकरी, शेती, संसार सांभाळणाऱ्यांना घरी वाचून समजेल अशी पुस्तकं त्यांनी तयार केली. महामारीत केंद्र सरकारच्या ‘स्वयंप्रभा’ या टीव्ही वाहिन्याही होत्या. त्यांना इंटरनेट लागत नव्हतं, डिश पुरेशी होती. पण त्या आहेत हे अनेक घरांना माहीतच नव्हतं.

यातून एक गोष्ट कळते. सगळ्यांनी एकाच वेळी पडद्यासमोर बसणं ही अभ्यासाची गरज नाही. साहित्य हातात असावं, आपल्या सवडीनं ते वाचता यावं आणि अडलं तर विचारायला माणूस असावं, ही खरी गरज आहे.

प्रात्यक्षिकांचं मात्र अवघड झालं. रसायनशास्त्राची परीक्षानळी किंवा नर्सिंगमधलं इंजेक्शन देणं नुसतं बघून हाताला येत नाही. तिथं कॉलेजं उघडण्याची वाट पाहावीच लागली.

परीक्षेचा गोंधळ

अंतिम वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही, यावर २०२० चा उन्हाळा गेला. राज्य सरकारचं म्हणणं होतं की रोगराईत परीक्षा नको. विद्यापीठ अनुदान आयोगानं ६ जुलैला सांगितलं की सप्टेंबरअखेर अंतिम वर्षाची परीक्षा घ्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल लागला. परीक्षेशिवाय पदवी नाही, पण राज्याला तारीख पुढे ढकलून मागता येईल, असं न्यायालयानं सांगितलं. त्यानुसार आपल्याकडे बहुतेक परीक्षा ऑक्टोबरमध्ये झाल्या. मोबाईल किंवा संगणकावर पर्याय निवडायचे प्रश्न आले. पेपर चालू असताना रेंज गेली, पान उघडलंच नाही, अशा तक्रारी खूप झाल्या आणि अनेक विद्यापीठांना राहिलेल्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली.

पुन्हा परीक्षा होणार आहे, हा निरोप पोचला त्या मुली बसल्या. ज्यांच्या घरचा नंबर कॉलेजकडे जुना होता किंवा ज्यांचा मोबाईल दुसऱ्याकडे होता, त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. मार्कशीटवर नुसतं ‘गैरहजर’ लागलं.

कॉलेज उघडलं, पण एसटी थांबली

१५ फेब्रुवारी २०२१ ला कॉलेजं निम्म्या हजेरीनं उघडली आणि काही आठवड्यांत दुसऱ्या लाटेनं बंद झाली. २० ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली, लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी. त्याच महिन्याच्या शेवटी एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कामगारांच्या मागण्या त्यांच्या जागी होत्या. पण ज्या गावाला एसटीशिवाय वाहन नाही, तिथल्या मुलीसाठी कॉलेज आणखी सहा महिने बंदच राहिलं. वडापचं रोजचं भाडं कोण देणार? आणि २०२२ च्या उन्हाळ्यात परीक्षा परत वर्गात बसून, लेखी. दोन वर्षं पर्याय निवडणाऱ्या हाताला एकदम तीन तास लिहायचं होतं.

आता पुन्हा ते वाक्य आठवा, “हिनंच केलं नाही.” नेट, मोबाईल, वेळ, निरोप आणि गाडी, या पाचांपैकी तिच्या हातात काय होतं?

आता आपण काय करायचं?

पहिलं, गटाच्या येत्या बैठकीत यादी करा. गावात पहिलं किंवा दुसरं वर्ष करून शिक्षण सुटलेल्या मुली आणि सुना किती आहेत?

दुसरं, तिची कागदं शोधा. जुन्या मार्कशीट आणि त्यावरचा कायम नोंदणी क्रमांक, ज्याला पीआरएन म्हणतात, तो महत्त्वाचा. ते घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जा. किती विषय राहिले, किती वर्षांत पूर्ण करता येतात आणि पुढचा परीक्षा अर्ज कधी निघेल, हे विचारा. मुदतीचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात, म्हणून ऐकीव माहितीवर थांबू नका. रोज जाणं जमत नसेल तर मुक्त विद्यापीठाच्या जवळच्या अभ्यासकेंद्रात चौकशी करा.

तिसरं, श्रेयांक बँकेबद्दल विचारा. २०२१ मध्ये ही सोय सुरू झाली. आपल्या गटाच्या पासबुकात बचत जमा दिसते ना, तसे विद्यार्थिनीच्या खात्यात श्रेयांक जमा होतात. साधारण सात वर्षांपर्यंत ते पुढच्या शिक्षणासाठी वापरता येतात. जुन्या वर्षांचे गुण खात्यात दिसत नसले तर घाबरू नका, त्याची नोंद विद्यापीठाच्या परीक्षा विभागात असते.

चौथं काम घरातलं आहे आणि ते सगळ्यात अवघड आहे. शिकणाऱ्या मुलीला, सुनेला रोजचे दोन तास ठरवून द्या. त्या दोन तासांत मोबाईल तिचा आणि तिला हाक मारायची नाही. घरात जागा नसेल तर समाजमंदिर किंवा गटाची बैठक होते ती खोली उघडून द्या. कॉलेजकडे दोन फोन नंबर लिहून द्या, एक घरचा आणि एक गटातल्या विश्वासू बाईचा. म्हणजे निरोप अडणार नाही.

रोगराई असो, पूर असो की संप, कॉलेज पुन्हा कधी बंद पडणारच नाही असं नाही. त्या वेळी विद्यापीठ पुस्तक पाठवेल, तास घेईल, परीक्षाही घेईल. दोन तासांची मोकळीक मात्र कुठलंच विद्यापीठ पाठवू शकत नाही. ती आपल्यालाच द्यावी लागेल. येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की यादीचं काम तेवढं घ्या.