सातपुड्यातील परसातली कोंबडी आणि आठवडे बाजार

कुक्कुटपालनाच्या संदर्भात नंदुरबार जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचले ते एका आपत्तीमुळे. सुरत-धुळे महामार्गावरील नवापूर या गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या गावाभोवती अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या मोठ्या शेडचा व्यवसाय उभा राहिला होता आणि तेथेच, १८ फेब्रुवारी २००६ रोजी, भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक जाहीर झाला. त्यानंतरच्या मोहिमेत शेडमधील पक्ष्यांबरोबर आसपासच्या गावांतील परसातल्या कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये हा रोग नवापूरला पुन्हा आढळला. वृत्तपत्रांतून दिसणारे नंदुरबारचे कुक्कुटपालन असे नवापूरच्या शेडपुरते असले, तरी धडगाव, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांच्या सातपुड्यातील डोंगराळ भागात त्याहून जुनी आणि कितीतरी अधिक घरांना आधार देणारी दुसरी पद्धत आहे. घराभोवती मोकळ्या फिरणाऱ्या, बहुतांशी स्वतःचे अन्न स्वतः शोधणाऱ्या आणि स्वतःची अंडी स्वतः उबवणाऱ्या थोड्याशा गावरान कोंबड्यांच्या या पाळणुकीला शासकीय भाषेत ‘परसातील कुक्कुटपालन’ म्हणतात.

ही पद्धत मागे पडलेली आहे, असा समज आकड्यांना धरून नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी कोंबड्या व तत्सम पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातील होते आणि २०१२ च्या तुलनेत त्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती, तर व्यावसायिक पक्ष्यांची वाढ ५ टक्क्यांच्या आतच राहिली होती.

सातपुड्यात ही पाळणूक टिकण्यामागे तेथील वस्तीची रचना महत्त्वाची आहे. भिल्ल आणि पावरा समाजांची घरे दाटीने न वसता बहुधा आपापल्या शेतात, एकमेकांपासून अंतर राखून बांधलेली असतात आणि अशा विखुरलेल्या घरांचा मिळून पाडा होतो. त्यामुळे प्रत्येक घराच्या कोंबड्यांना चरण्यासाठी स्वतंत्र आवार मिळते, मका-ज्वारीच्या मळणीतले सांडलेले दाणे, किडे, वाळवी आणि कोवळा पाला यांवर त्यांचे पोट बरेचसे भरते, आणि एका घरात आलेला रोग दुसऱ्या घरी पोहोचण्यास वेळ लागतो. खाद्यावर जवळजवळ खर्च नसल्यामुळे कोंबडी विकून येणारा पैसा बव्हंशी निव्वळ मिळकत ठरतो. कोंबड्यांची देखभाल सहसा घरातील स्त्रीकडे असते आणि तेल-मीठ, औषधपाणी, मुलांच्या वह्या अशा खर्चासाठी ज्या पैशाला तिचा हात सहज पोहोचतो, तो पुष्कळदा याच विक्रीचा असतो. सावकाराकडे किंवा बँकेत न जाता दोन-चारशे रुपयांची नड भागवणारे दुसरे साधन डोंगरातल्या घरात फारसे नसते, हे लक्षात घेतले म्हणजे कोंबडीचे मोल तिच्या वजनावरून ठरवणे अपुरे का आहे, ते कळते.

विक्रीचे मुख्य ठिकाण म्हणजे आठवडे बाजार. धडगाव किंवा मोलगीच्या बाजारात पाय बांधलेल्या एक-दोन कोंबड्या घेऊन आलेली बाई आणि त्या विकत घेऊन बांबूच्या डालग्यांत भरणारा व्यापारी यांच्यातील सौदा साधारणपणे नगावर होतो, किलोवर होत नाही. घेणारा आधी पक्षी हातात तोलतो, मग छातीच्या हाडावर बोट फिरवून दोन्ही बाजूंना मांस भरले आहे की हाड धारेसारखे वर आले आहे हे चाचपतो, तुरा लालबुंद आहे की फिकट पडला आहे ते पाहतो, कोंबडा असेल तर पायामागच्या टोचऱ्या नखाच्या लांबीवरून वयाचा अंदाज घेतो आणि शेपटीखालची पिसे विष्ठेने माखलेली नाहीत ना, याची खात्री करतो. शेडमधील अंड्यांना, १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती दररोज दर सुचवते. गावरान पक्ष्याला असा कोणताही जाहीर दर नाही, म्हणून त्याचा भाव हंगाम, रंग आणि विकणाऱ्याची निकड यांवर ठरतो. होळीपूर्वीच्या आठवड्यात भरणारे भोंगऱ्या बाजार, महाशिवरात्रीला देवमोगरा येथे याहामोगी मातेच्या दर्शनाला जाणाऱ्यांचे नवस आणि लग्नसराई या काळात कोंबड्याला मागणी वाढते. उलट ऊसतोडीसाठी गुजरातकडे जाणारी कुटुंबे निघण्यापूर्वी पक्षी विकू लागली की विकणाऱ्याची बाजू पडते, कारण घर बंद होणार हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असते. एकाच पाड्यातील बायकांनी एकत्र येऊन आणि तराजू सोबत नेऊन विक्री केली, तर या घासाघिशीतला तोटा पुष्कळ कमी होऊ शकतो.

सरकारी योजनांचा भर आजवर मुख्यतः सुधारित जातींवर राहिला आहे. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, म्हणून बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराज व ग्रामप्रिया अशा, दुप्पट किंवा त्याहून अधिक अंडी देणाऱ्या जाती परसात आणल्या गेल्या. महाराष्ट्रात ५० टक्के अनुदानावर २५ तलंगा आणि ३ नर यांचा गट, किंवा एक दिवस वयाची १०० पिल्ले देण्याची योजना आहे (तलंग म्हणजे अंड्यावर येण्याच्या बेतात असलेली तरुण कोंबडी). हा मार्ग चुकीचा म्हणता येणार नाही, परंतु त्याच्या मर्यादा डोंगरात लवकर उघड्या पडतात. या जातींचे पक्षी अंगाने जड असल्यामुळे घार आणि मुंगूस यांच्यापासून पळण्यात कमी पडतात, अपेक्षित अंड्यांसाठी त्यांना वरचे खाद्य लागते, आणि त्यांच्यात खुडूक होण्याची, म्हणजे अंडी देणे थांबवून ती उबवण्यास बसण्याची प्रवृत्ती फार कमी असते. परिणामी पिल्लांची पुढची पिढी पुन्हा उबवणी केंद्रातूनच आणावी लागते आणि रस्ता, वीज व वाहन यांची वानवा असलेल्या पाड्यात ही साखळी एकदा तुटली की गट संपतो. शेजारच्या झाबुआ-अलिराजपूर भागातली कडकनाथ ही काळ्या मांसाची जात या हवामानाला सरावलेली आहे आणि २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिला भावही चांगला येतो. मात्र ती अंडी कमी देते आणि उबवण्यातही कच्ची आहे, त्यामुळे तिची अंडी पुष्कळदा गावरान कोंबडीखालीच ठेवतात.

गावरान कोंबडीचे खरे बळ या उबवण्यात आहे आणि तिचे खरे नुकसानही तेथूनच सुरू होते. ती वर्षातून तीन-चार वेळा अंड्यांचा क्रम पूर्ण करून खुडूक होते. भुसा आणि राख घातलेल्या टोपलीत तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवली की २१ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. सातव्या-आठव्या रात्री अंधारात प्रत्येक अंडे विजेरीसमोर धरून पाहिले, तर जिवंत गर्भ असलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबूस शिरा पसरलेल्या दिसतात आणि निर्जीव अंडे स्वच्छ पिवळसर राहते. असे अंडे त्याच वेळी काढून घेतल्यास ते सडून फुटण्याचा आणि इतर अंडी खराब होण्याचा धोका टळतो. बारा अंड्यांतून नऊ-दहा पिल्ले निघणे अवघड नाही. ती वाढून विक्रीपर्यंत पोहोचणे अवघड आहे. समजा, नऊपैकी तीनच जगतात आणि कोंबडी वर्षात तीन वेळा बसते, तर हाती नऊ पक्षी येतात. हेच प्रमाण सहावर नेले तर अठरा येतात, आणि त्यासाठी नवी जात, नवे शेड किंवा कर्ज यांपैकी काहीही लागत नाही. पहिले चार आठवडे आईसह पिल्लांना डालग्याखाली किंवा जाळीच्या आडोशाला ठेवणे, मक्याची बारीक भरड आणि उथळ ताटलीत स्वच्छ पाणी देणे, रात्री जमिनीपासून उंचावरील खुराड्यात कोंडणे आणि वेळेवर लस देणे एवढ्यावर हे बरेचसे साधते.

यातील लस हाच सर्वांत कच्चा दुवा आहे. राणीखेत किंवा मानमोडी हा विषाणूजन्य रोग विशेषतः उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकतो, हिरवट पातळ हगतो, मान वाकडी होते आणि काही दिवसांत संपूर्ण परस रिकामे होऊ शकते. त्यावर उपचार नाही, प्रतिबंध मात्र स्वस्त आहे: पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचे पंखाखाली टोचण. तरीही ही लस पाड्यात पोहोचत नाही, कारण ती बर्फावर न्यावी लागते, एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि कुपी विरघळवल्यावर ती तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या एका घरासाठी ती फोडणे कोणालाच परवडत नाही. त्यात घरांच्या अंतरामुळे मिळणारे संरक्षण आठवडे बाजारात नाहीसे होते. मर सुरू झाल्याचे दिसताच उरलेले पक्षी विकून टाकण्याकडे अडचणीतल्या घराचा कल असतो, आणि एकाच डालग्यात कोंबलेल्या अशा आजारी पक्ष्यांबरोबर रोग दहा पाड्यांत पोहोचतो. अशा घरांना दोष देण्यापेक्षा बाजारातून आणलेला पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवण्याची सवय लावणे अधिक उपयोगाचे आहे.

ऑस्ट्रेलियात विकसित झालेली, उष्णता तुलनेने अधिक सहन करणारी आय-टू ही राणीखेत लस टांझानिया, मोझांबिक यांसारख्या देशांत गावातीलच प्रशिक्षित व्यक्तींच्या हातून, प्रत्येक पक्ष्यामागे थोडे शुल्क घेऊन दिली जाते आणि तेथील अनुभव आशादायक आहे. महाराष्ट्रात ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पशुसखी ही जबाबदारी घेऊ शकतात. पाड्यातील सर्व घरांनी एक सकाळ ठरवून कोंबड्या खुराड्यातून सोडण्यापूर्वी लस टोचून घेतली, तर कुपी वाया जात नाही आणि पशुसखीच्या पायपिटीचा मोबदलाही निघतो. लसीनंतर प्रतिकारशक्ती येण्यास साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे नंदुरबारच्या डोंगरात ही सकाळ होळीच्या किमान तीन आठवडे आधी, म्हणजे भोंगऱ्या बाजारांत पक्ष्यांची सरमिसळ होण्यापूर्वी ठरवावी लागेल, आणि त्यासाठी लागणारा बर्फ व कुप्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जानेवारीअखेरपर्यंत पोहोचलेल्या असाव्या लागतील.