जुन्या गाडीचा संसार (१४) : दारातला कागद

समोरच्या काचेचं रबर या आठवड्याच्या लेखात घेणार होतो. ते पुढे ढकलतो आहे, कारण चिपळूणजवळच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न माझ्या फार आवडीचा निघाला. त्यांच्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. पाऊस जाऊन महिना झाला, दिवाळीही आटोपली. गाडी रात्रभर अंगणात बंद उभी असते, तरी सकाळी काचा आतून ओल्या. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवरून तर ओघळ येतात. पावसाळ्यात समोरच्या काचेला नवं रबर घालून झालं, वर सिलिकॉनही फासून झालं. आता गॅरेजवाला म्हणतो, 'दव आहे साहेब, थंडीत व्हायचंच.'

दव पडतं हे खरं. आभाळ निरभ्र असलं की टप आणि काचा रात्री आपली उष्णता वर सोडून देतात, आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात आणि लगतच्या हवेतली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसते. काचेच्या बाहेरच्या अंगाला हे कितीही होऊ शकतं, तिथे हवेला तोटा नाही. आतल्या अंगाच्या वाट्याला मात्र बंद गाडीत कोंडलेली तेवढीच हवा येते. जरा हिशेब मांडून बघा. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना साधारण १७. लहान गाडीच्या पोटात धरा अडीचेक घनमीटर हवा. संध्याकाळी काचा लावताना ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर दर घनमीटरात १८ ग्रॅम वाफ असते. पहाटे पारा २० वर आला की त्यातला जेमतेम एक ग्रॅम सुटतो. अख्ख्या गाडीत मिळून चहाचा अर्धा चमचा पाणी. तेवढ्याने काच धुरकट होईल, फार तर बोटाने नाव लिहिता येईल. ओघळ यायचे नाहीत.

रात्री गाडीत कोणी झोपलेलं नसताना काचेवर ओघळ दिसत असतील, तर ते पाणी आधीपासून गाडीतच आहे. दिवसा उन्हाने गाडी तापते, ओलीची वाफ होते, रात्री ती काचेवर बसते आणि सकाळी ओघळून पुन्हा खाली जाते. बाहेरचा पाऊस थांबला म्हणून हे थांबत नाही.

म्हणून त्यांना कळवलं की नुसती पायाखालची मॅट बघून ठरवू नका, मॅट कोरडीच दिसते. तिच्याखालचा नमदा मुठीने दाबा. त्यांनी दाबला. दाराच्या कडेला बोटांच्या फटींतून पाणी वर आलं. पण डॅशबोर्डखाली, जिथे समोरच्या काचेचं पाणी उतरलं असतं, तिथे नमदा ठणठणीत कोरडा. एसीचं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचा प्रश्नच नव्हता, त्यांच्या गाडीला एसी नाही. दाराच्या चौकटीच्या रबराची खडूची परीक्षा (रबराला खडू फासून दार लावायचं आणि पत्र्यावर रेघ सलग उमटते का बघायचं) त्यांनी मागचा भाग वाचून आधीच केली होती आणि रेघ सगळीकडे सलग उमटली होती. मग मी एवढंच विचारलं, 'या दाराचं आतलं पॅड अलीकडे कोणी उघडलं होतं का?' उघडलं होतं. उन्हाळ्यात पॉवर विंडो बसवून घेतल्या होत्या.

इथून पुढे माझा आवडता विषय सुरू होतो, तेव्हा रबराची वाट बघणाऱ्यांनी क्षमा करावी.

गाडीच्या दारात पाणी शिरतं, आणि ते शिरणार हे धरूनच दार बनवलेलं असतं. खाली-वर होणाऱ्या काचेला दोन्ही बाजूंनी बीडिंगच्या पट्ट्या असतात. बाहेरची पट्टी बरंचसं पाणी अडवते, सगळं नाही. उरलेलं काचेवरून घसरत दाराच्या पोकळीत उतरतं आणि दाराच्या खालच्या कडेला ठेवलेल्या भोकांतून रस्त्यावर पडतं. कुंडीच्या बुडाला भोक ठेवतात तसंच. गळती म्हटली की आपण पाणी कुठून आत येतं ते शोधत सुटतो. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून जास्त जुन्या गाड्यांत आत यायची वाट ठरल्याप्रमाणेच होती, बिघडली होती ती बाहेर जायची.

आता दाराचा आतला पत्रा. तो सलग नसतो. काचेचं मशीन आणि लॉक बसवायला त्याला हात जाईल एवढी मोठमोठी खिंडारं ठेवलेली असतात. त्या खिंडारांवर एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर पॅड. फार जुन्या गाड्यांत प्लास्टिकच्या जागी डांबरी कागद असे. दारातलं ओलं जग आणि तुमचा कोरडा गुडघा यांच्यामध्ये एवढा एक कागद. काचेवरून, मशीनवरून, लॉकच्या सळईवरून उडालेले थेंब या कागदाच्या आतल्या अंगावर पडतात आणि खाली वाहतात.

खरी गंमत त्याच्या खालच्या कडेत आहे. ती कडा पत्र्यावर बाहेरून चिकटवायची नसते. खिंडाराच्या खालच्या ओठावरून ती दाराच्या पोटात खोचायची असते. खोचलेली असेल तर वाहत आलेलं पाणी पुन्हा पोकळीत पडतं आणि भोकांतून निघून जातं. बाहेर राहिली तर तेच पाणी कागद आणि पॅड यांच्यामध्ये उतरतं, पॅडच्या बुडातून गळतं, दाराच्या रबराच्या आतल्या बाजूने उंबऱ्यावर येतं आणि नमद्यात मुरतं. रबर शाबूत, काच शाबूत, आणि पाय ओले. त्या रबराच्या बाहेरून तुम्ही कितीही सिलिकॉन फासा.

पॉवर विंडो, सेंट्रल लॉक, स्पीकर, काचेचं मशीन, यांतलं कुठलंही काम निघालं की हा कागद पहिला फाटतो. बसवणारा माणूस वाईट नसतो, घाईत असतो. कागदाची ना किंमत, ना बिलात ओळ. तो मधोमध टराटरा फाडतो, काम झालं की उरलेल्या चिंध्या वरच्या बाजूला चिकटपट्टीने डकवतो आणि पॅड ठोकून देतो. स्पीकर बसवताना कागदाला गोल भोक पडतं ते वेगळंच. मग स्पीकरच्या पाठीवर पाणी पडून त्याचा कागदी शंकू लोळागोळा होतो आणि आपण कंपनीला नावं ठेवतो.

आमच्या वाचकांनी पॅड काढून फोटो पाठवला. अगदी पाठ्यपुस्तकात छापावा असा. रेक्झिन लावलेल्या हार्डबोर्डची खालची कडा फुगून पदर सुटलेली, तिच्या वर चार बोटांवर तपकिरी नागमोडी रेघ, क्लिपांची भोकं सैल. कागद गोळा करून वरच्या कोपऱ्यात कोंबलेला. पॅडवरची ही तपकिरी रेघ जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हाही बघा. पॅड खालून सुटून बाहेर फेंदारलेलं दिसलं तर आतला कागद गेला असं खुशाल धरून चाला.

चिपळूणचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. जुलै २०२१च्या पुरात त्या भागातल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीची सीटं धुतली जातात, नमदा बदलला जातो, पण दाराच्या बुडात बसलेला गाळ कोणाला आठवत नाही. भोकं आतून लिंपली जातात. दार झटक्यात उघडून बघा, आतून खळखळ ऐकू आली तर पाणी साठलेलं आहे. पूर न पाहिलेल्या गाडीतही हे होतं. चिंचेखाली उभ्या राहणाऱ्या गाडीच्या दारात बारीक पाला जातो, किंवा अँटीरस्टवाला फवारा मारताना भोकंच बुजवून टाकतो. मोकळी करायला स्क्रूड्रायव्हर घालू नका, रंग खरवडला की तिथूनच गंज धरतो. माडाच्या झावळीचा हीर यासाठी नामी, वाकतो पण ओरखडत नाही.

कागद नवा करायला बाजारात सुटा भाग शोधत बसू नका. पावसाळ्यात पडवीला लावायला आपण जाड प्लास्टिक आणतो, त्यातलंच २०० मायक्रॉनच्या आसपासचं घ्या. जुन्या कागदाचा निम्मा तुकडा जरी शिल्लक असला तरी त्यावरून माप मिळतं. हँडलच्या दांड्याला आणि लॉकच्या सळईला लागेल तेवढीच चीर द्या. चिकटवायला ब्यूटाइलची काळी पट्टी वापरा. ती वर्षानुवर्षं मऊ राहते, पुढच्या वेळी कागद न फाटता सुटतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याजवळही नेऊ नका. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि पत्र्याला गंजायला निमित्तच मिळतं. चिकटवण्याआधी पत्रा रॉकेलने पुसून, मग कोरडा करून घ्या, नाहीतर धुळीवर पट्टी धरत नाही. खालची कडा खोचायची हे पुन्हा सांगत नाही.

पॅड लगेच लावायची घाई नको. काच पूर्ण वर करून बाहेरून बीडिंगच्या रेषेवर तांब्या तांब्याने सावकाश पाणी ओता आणि दुसऱ्या कोणाला आत टॉर्च घेऊन बसवा. पाण्याची धार दाराच्या खालून बाहेर पडली पाहिजे आणि कागदाची आपल्याकडची बाजू कोरडी राहिली पाहिजे. प्रेशरचा पंप नको, त्याने चांगलं दारही गळतं.

नमदा मात्र बाहेर काढूनच वाळवावा लागेल. गाडीत ठेवून, काचा खाली करून तो वाळत नाही, वरचा पदर सुकतो आणि खालचा पत्र्याला चिकटून ओलाच राहतो. वर व्हिनाइलचं लॅमिनेशन मारलेलं असेल तर विचारूच नका. नमदा काढला की फ्लोअरच्या रबरी बुचांपाशी गंजाचे फोड आहेत का, तेही बघून घ्या. आमच्या वाचकांना दोन सापडले, त्यांचं काय करायचं ते त्यांना वेगळं कळवलं आहे.

प्रीमियर पद्मिनीवाल्यांचा एक प्रश्न येणार हे दिसतंच आहे, की पुढच्या दाराच्या तिकोनी काचेचं काय. तिचं रबर कडक झालं की सगळं पाणी दाराच्या पुढच्या कोपऱ्यात उतरतं, म्हणून त्या कोपऱ्यातलं भोक आधी बघा. बाकी त्या काचेबद्दल सावकाशीने.

समोरच्या काचेचं रबर आता पुढच्या रविवारी, नक्की. बरोबर काम करणार असाल तर बोटाएवढी नव्हे, पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची सुताची दोरी काचेच्या घेराच्या सव्वापट लांब आणून ठेवा, आणि साबणाचं पाणी. दुसरा माणूसही लागेल, शक्यतो न चिडणारा.