कोतवाल बुकातला न वाचलेला रकाना

२०२३ च्या अखेरीस एक जुना सरकारी शब्द राज्यभर लोकांच्या तोंडी आला : कोतवाल बुक. मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तहसील कचेऱ्यांतल्या दप्तराच्या रुमालांच्या गाठी सुटल्या, मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. आमच्या आणे पठारावरही पारावरच्या गप्पांत नापणजोबांचं नाव, त्यांचं गाव, पान नंबर असल्या गोष्टी निघू लागल्या. १९६७ पूर्वीची कागदपत्रं तपासली गेली आणि जिथे नोंद सापडली ती पानं स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकली गेली.

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही. सगळ्यांचे डोळे तिच्यातल्या जातीच्या रकान्यावर होते आणि ते स्वाभाविकच होतं. पण डॉक्टरची नजर त्याच पानावर दुसरीकडे जाते. माणूस गेला, तर कशाने गेला, हेही तिथे लिहिलेलं असतं. एका गावातली माणसं पन्नास-साठ वर्षं कशाकशाने दगावली याचा हा लेखी पुरावा आहे. तो आपल्याकडे आहे, काही ठिकाणी त्याचे फोटोही निघालेत. वाचलेला मात्र कुणी नाही.

त्या रकान्यात फार काही सापडणार नाही, असं कुणी म्हणेल. इंग्रजांच्या काळी मृत्यूच्या कारणांचे ठरावीक कप्पे होते : पटकी, देवी, ताप, हगवण-संग्रहणी, अपघात-इजा आणि 'इतर'. पुढे त्यात प्लेग आला. नोंद करणारा पाटील किंवा कुलकर्णी काही वैद्य नव्हता. निदान न झालेला निम्म्याहून अधिक मृत्यू 'तापा'च्या कप्प्यात जायचा. टायफॉइड, हिवताप, न्यूमोनिया, बाळंतरोग, क्षय, सगळं तापच.

तरीही या नोंदी बोलतात. त्यांच्याशी कसं बोलायचं, ते ठाऊक असावं लागतं. कारण संदिग्ध असलं तरी तारीख पक्की असते. भाद्रपद ते कार्तिकात तापाचे मृत्यू चढले, तर हिवतापाचा संशय घ्यावा. आषाढ-श्रावणात पटकीची रांग लागली, तर त्या वर्षीची वारी, पाऊस आणि पिण्याच्या पाण्याची जागा पाहावी. थंडीच्या तोंडावर आठवड्याभरात एकाच आळीतली चार-पाच माणसं गेली, आणि त्याआधी शेजारच्या बाजारगावी प्लेग असेल, तर 'ताप' या शब्दाचा अर्थ बदलतो. १९१८ च्या ऑक्टोबरचं पान तर न सांगता ओळखू येईल. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत एकट्या ब्रिटिश हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली आणि १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. हा अंदाज संशोधकांनी कशावरून काढला? जनगणनेचे तक्ते आणि अशाच मृत्युनोंदींची बेरीज करून. ती बेरीज प्रांताची आहे. आण्यात, नळवण्यात, पेमदऱ्यात त्या महिन्यात काय झालं, हे फक्त गावच्या वहीत आहे.

गावच्या वहीतून आकडे तालुक्याला जात, तिथून जिल्ह्याला, आणि शेवटी मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात छापले जात. गंमत अशी, की या साखळीचं वरचं टोक आज आपल्याला सहज वाचता येतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 'ब्रिटिश इंडियाचा वैद्यकीय इतिहास' असा मोठा संग्रह स्कॅन करून मोफत खुला केला आहे. त्यात लसीकरणाचे अहवाल आहेत, मनोरुग्णालयांचे आहेत, महारोगाचे, पटकीचे आणि प्लेगचे आहेत. १८९६-९७ च्या मुंबईतल्या प्लेगची कागदपत्रं, पुढच्या प्लेग कमिशनच्या साक्षी, हे सगळं मी रात्रपाळीत मोबाइलवर वाचलं आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी केलेल्या लसीची चर्चाही त्या साक्षींत सापडते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती.

म्हणजे पुण्यातल्या प्लेगचा अहवाल एडिंबरोच्या ग्रंथालयाने आण्यापर्यंत पोचवला, आणि आण्याच्या मृत्युनोंदी जुन्नरच्या पलीकडे गेल्या नाहीत. यात कुणा कारकुनाचा दोष नाही. कागद जपायचा तो दाखल्यापुरता, हीच आपली जुनी रीत. वारसनोंद, जातीचा दाखला, जन्मतारीख असं काम निघालं की रुमाल सुटतो आणि काम झालं की बांधला जातो.

जुन्या मृत्यूंचं एवढं काय, आज दवाखान्यात औषध मिळतंय का ते बघा, असंही ऐकवलं जातं. त्यांच्यासाठी सर्पदंशाचं उदाहरण देतो, कारण ते आमच्या रोजच्या कामातलं आहे. देशात सर्पदंशाने किती माणसं मरतात, याचं सरकारी उत्तर वर्षानुवर्षं रुग्णालयांच्या नोंदींवरून दिलं जायचं आणि ते काही हजारांच्या आत असायचं. मग संशोधकांनी घराघरांत जाऊन, कुटुंबीयांना विचारून मृत्यूचं कारण ठरवण्याची पद्धत वापरली. २०११ साली त्यांचा निबंध आला : २००५ या एका वर्षात सुमारे ४५,९००. रुग्णालयांच्या आकड्यांच्या तीसपटींहून जास्त! २०२० च्या पुढच्या निबंधात वीस वर्षांची बेरीज बारा लाखांच्या घरात गेली. बहुतेक मृत्यू खेड्यात आणि पावसाळ्यात. रुग्णालयाच्या नोंदीत ते नव्हते, कारण ती माणसं रुग्णालयात पोचलीच नव्हती.

हे दोन्ही निबंध खुल्या नियतकालिकांत छापले गेले. 'खुलं' याचा अर्थ वाचणाऱ्याने पैसे भरायचे नाहीत. ते पत्रकारांनी वाचले, आरोग्य खात्यातल्यांनी वाचले, आमच्यासारख्यांनी वाचले. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि त्याच वर्षी राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. हे एका निबंधामुळे घडलं, असा माझा दावा नाही. पण आकडाच नसता तर आराखडा कशावर बेतला असता?

कोतवाल बुकाशी याचा थेट संबंध आहे. गावची वही घरातल्या मृत्यूचीच नोंद ठेवते. रुग्णालयाच्या आकड्यात न दिसलेली माणसं तिच्यात असतात. फक्त शोधताना गावची भाषा यायला हवी. आमच्याकडे जुनी माणसं अजून साप चावला म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. संगणकाला 'सर्पदंश' शोधायला सांगितलं तर तो ते पान कोरं समजून पुढे जाईल.

खुलं आणि बंद यातला फरक महाराष्ट्राला ज्या उदाहरणाने कळायला हवा, ते विंचवाचं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरत. खाटेशेजारी बसून त्यांनी लक्षणं टिपली, हृदयावर होणारा परिणाम ओळखला आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचं स्वस्त औषध वापरलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यांची सुरुवातीची टिपणं १९८० च्या दशकात लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. आज ती टिपणं ज्या प्रकारच्या आरोग्य केंद्रात जन्मली, तशाच केंद्रातल्या तरुण डॉक्टरला मूळ पान उघडायचं तर पैसे मागितले जातात. त्यांचा २०११ चा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आहे. प्राझोसिनसोबत विंचवावरची प्रतिलस दिली तर रुग्ण लवकर सावरतो का, याची सत्तर रुग्णांवर घेतलेली ती चाचणी. तो निबंध कुणालाही मोफत उघडतो.

२०२५ पासून केंद्राची 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये भरून जगातल्या तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं देशातल्या संस्थांना वाचायला मिळतील. चांगलं पाऊल आहे, वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मुलांना त्याचा उपयोग होईल. पण ही योजना सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांसाठी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र ही शिक्षणसंस्था नव्हे. शिवाय वर्गणी थांबली की दार बंद, हे आहेच. खुल्या ग्रंथालयाला ती भीती नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतं. वाचकाकडून किंवा लेखकाकडून पैसे न घेता ते इंटरनेटवर खुलं करण्याचं काम या मंडळींनी पंचवीसेक वर्षांपूर्वी केलं, तेव्हा खुल्या संशोधनाची भाषा जगातही नवी होती.

आपल्याकडचा दुसरा मोठा साठा म्हणजे प्रबंध. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं 'शोधगंगा' पाहिलं नसेल तर जरूर पाहा. देशभरच्या विद्यापीठांतले लाखो पीएचडी प्रबंध तिथे पूर्ण वाचता येतात, मराठीतलेसुद्धा. पण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमडी-एमएस करणारा प्रत्येक जण जो प्रबंध लिहितो, तो पीएचडी नसल्याने सहसा तिथे पोचत नाही. त्यात आपल्याच जिल्ह्यातले रुग्ण असतात : जुन्नर-आंबेगावचे विषबाधा झालेले शेतकरी, घोणस चावून मूत्रपिंड बंद पडलेले मजूर, कमी वजनाची बाळं. काही प्रबंध यथातथाच असतात, हे आम्ही परीक्षक जाणतो. तरी त्यातले रुग्णांचे तक्ते मोलाचे असतात, कारण मूळ केसपेपर तोवर गेलेले असतात. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे. त्यानंतर जागेची अडचण, वाळवी आणि रद्दीवाला आपापलं काम करतात.

स्कॅन केलं म्हणजे जपलं, असा एक समज आहे. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा सरकारी मदतीने उभा राहिलेला प्रकल्प. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसह अनेक संस्थांनी लाखो पुस्तकं स्कॅन केली, त्यात मराठी ग्रंथही भरपूर होते. पुस्तकांची नावं रोमन लिपीत, तीही चुकीच्या स्पेलिंगने टाकलेली, त्यामुळे हवं ते सापडणं नशिबाचा भाग. पुढे ते संकेतस्थळच बंद झालं. आज त्यातली बहुतेक पुस्तकं 'इंटरनेट अर्काइव्ह'वर मिळतात, कारण कार्ल मालामुद यांच्यासारख्या बाहेरच्या माणसांनी प्रती उतरवून घेऊन तिकडे ठेवल्या. कागदाची कथा वेगळी नाही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, मजलेच्या मजले जळाले. ज्या फायलींची दुसरीकडे प्रत होती तेवढ्याच उभ्या करता आल्या. आम्ही रक्ताचा नमुना पाठवतानाही एकच चिठ्ठी लावत नाही. इतिहासाच्या नमुन्याला तरी दोन जागा हव्यात.

चांगलं काम जवळच, पुण्यात झालं आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपले जुने ग्रंथ आणि सरकारी अहवाल स्कॅन करून खुले ठेवले आहेत. हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये छापलेली पिंपळे सौदागरची पाहणी मिळवून वाचा. पुण्याशेजारच्या एका खेड्यातलं कर्ज, जमीन, पाणी आणि खाणं यांचा तो हिशेब आहे. आज तिथे उंच इमारती आहेत. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटिअरही इंटरनेटवर मिळतं, त्यात रोगराई, दवाखाने आणि देवी काढण्यावर वेगळा मजकूर आहे. आणि जनगणना खात्याच्या जिल्हा पुस्तिकांत आपल्या गावाची ओळ काढून पाहा : पाण्याची सोय, दवाखाना, नसेल तर तो किती लांब. धरणांच्या या तालुक्यात आमचं पठार पाण्यावाचून राहिलं, ही तक्रार दर उन्हाळ्यात होते. दशकादशकाच्या या ओळी शेजारी ठेवल्या तर ती तक्रार पुराव्यासह मांडता येते.

एक धोका मात्र मोकळेपणाने सांगायला हवा. मृत्यूच्या नोंदीत नाव असतं, जात असते, आणि कुठे महारोग किंवा आत्महत्येसारखं कारणही असतं. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला त्याने फरक पडत नाही, पण त्याची नातसून आज त्याच वाड्यात राहत असते. कुणबी नोंदींची पानं नावानिशी टाकावी लागली, कारण तिथे नावच हवं होतं. आरोग्यासाठी नावाची गरजच नाही. तारीख, वय, स्त्री की पुरुष, वाडी आणि कारण, एवढे रकाने उतरवून घेतले तरी पुरे. आजचे केसपेपर तर या चर्चेत आणूच नयेत, ते रुग्णाचे आहेत.

उतरवणार कोण? मोडी येणाऱ्यांची एक फळी या दोन-तीन वर्षांत पुन्हा तयार झाली आहे. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे, म्हणजे ती संगणकावर लिहिता-शोधता येते. एका गावाची पन्नास वर्षांची वही म्हणजे काही हजार ओळी. एखादं महाविद्यालय, एक मोडी जाणकार आणि तहसीलदारांची परवानगी एवढ्यावर एक गाव हिवाळ्याच्या सुट्टीत पुरं होऊ शकतं. रंगदासस्वामींच्या यात्रेत हजारो माणसांना आमटी-भाकरी वाढणाऱ्या गावाला एवढे हात जमवणं जड नाही. सुरुवात १९१८ च्या पानांपासून करावी, असं मी सुचवेन. ती सापडायला सोपी आहेत. रुमाल एकदा सुटलेलेच आहेत. ते पुन्हा बांधून माळ्यावर जाण्याआधी कारणाच्या रकान्याचाही फोटो काढा, एवढंच तहसील कचेरीला सांगायचं आहे.