मोजणीत न आलेले वाचक

जनगणनेचे आकडे पाहताना आपली अशी समजूत असते की, मोजणी ती मोजणी. तीत मतभेदास जागा नाही. दृष्टिहीनतेच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही. २००१ च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे १ कोटी ६ लाख भरली. २०११ मध्ये ती सुमारे ५० लाखांवर आली. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक लोकांस दृष्टी लाभली, असा चमत्कार काही घडला नव्हता. २००१ मध्ये एकच डोळा चांगला असलेल्या व्यक्तीचाही या वर्गात समावेश होता; २०११ मध्ये तिला वगळण्यात आले. या घटीचे एक मोठे कारण हेच. तेव्हा ‘आपल्यांत दृष्टिहीन किती?’ हे विचारण्यापूर्वी ‘दृष्टिहीन कोणास म्हणावयाचे?’ हे विचारणे प्राप्त आहे.

वैद्यकशास्त्राचे माप याहून काटेकोर आहे. निरोगी डोळ्यास जे ६० मीटरांवरून दिसते, ते ओळखण्यासाठी ज्यास, चांगल्या डोळ्यानेही, ३ मीटरांच्या आत यावे लागते, त्यास अंध समजावे, असे आपल्या शासनाने २०१७ मध्ये ठरविले. त्यापूर्वी हे अंतर ६ मीटरांचे होते. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एकंदर लोकसंख्येत अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले; अंध धरून दृष्टी मंदावलेल्यांचे एकूण प्रमाण २.५५ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्यांत मात्र अंधत्व १.९९ टक्के, म्हणजे पन्नासांत एक इतके होते.

शाळेतल्या त्रैराशिकाने हेच प्रमाण आपल्या गावास लावून पाहू. २०११ मध्ये हुबळी-धारवाडची लोकसंख्या सुमारे ९ लाख ४४ हजार होती. त्या हिशेबाने येथे मंददृष्टीची सुमारे २४ हजार माणसे निघतात, आणि त्यांतील सुमारे ३,४०० अंध. हा हिशेब कागदावरचा आहे, घरोघर तपासणी करून आलेला नव्हे. परंतु प्रश्नाचा आकार कळण्यास तो पुरेसा आहे. आमच्या कमरीपेठेसारख्या दाट वस्तीत पन्नाशी उलटलेली पन्नास माणसे दोन-तीन गल्ल्यांतच सापडतील. त्यांतील एकाचा अंधार तर सरासरीनेच आपल्या शेजारी येऊन बसला आहे. त्याच पाहणीनुसार या वयातील अंधत्वापैकी सुमारे दोन-तृतीयांश मोतीबिंदूमुळे आलेले असते, आणि मोतीबिंदू हा शस्त्रक्रियेने दूर होणारा विकार आहे. १९७६ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते. ‘आता या वयात कशाला?’ या एका वाक्याने जेवढे डोळे मिटले असतील, तेवढे दारिद्र्यानेही मिटले नसतील, असे आम्हांस वाटते.

हे झाले दूरच्या दृष्टीचे. वाचन जवळच्या दृष्टीवर चालते. आपल्या भाषेने तर वाचनाच्या चष्म्यासच ‘चाळिशी’ असे नाव देऊन वयाचा हा धर्म केव्हाच मान्य केला आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार, केवळ योग्य चष्मा न मिळाल्याने जवळचे नीट दिसत नाही, अशी माणसे जगात ८२ कोटींहून अधिक होती. गल्लीच्या टोकाचा माणूस ओळखणाऱ्या, पण पंचांगातील तिथी न दिसणाऱ्या आजीबाईंना कोणी अंध म्हणणार नाही. त्या स्वतःही म्हणणार नाहीत. ‘नीट दिसत नाही’ एवढे म्हणून त्या पुस्तक बाजूस ठेवतात, आणि घरास वाटते की त्यांची वाचनाची आवडच ओसरली.

याहीपुढे एक वर्ग आहे. डोळे शाबूत, पण अक्षरांचा मेळ बसत नाही अशी मुले. हात कापत असल्याने पुस्तक धरता न येणारी, अर्धांगवायूने पान न उलटता येणारी माणसे. या सर्वांस छापील पुस्तक बंदच असते. २०१३ मध्ये मराकेश येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने दृष्टिहीनांबरोबर यांनाही एकाच पंक्तीस बसविले. त्यांच्यासाठी पुस्तकाची ब्रेल, ध्वनिमुद्रित वा अन्य सुलभ प्रत करण्यास लेखनहक्काचा कायदा आड येऊ नये, हा त्या कराराचा गाभा. २०१४ मध्ये त्यास मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. आपल्या कायद्यात तशी सोय २०१२ मध्येच झाली होती.

येथे महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांचा प्रश्न उभा राहतो. पुण्यात वा कोल्हापुरात दृष्टी गेलेल्या वृद्धास वर्तमानपत्र वाचून दाखविणारे नातवंड सहज मिळू शकते. आपल्याकडे नातवंडे कानडी वा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी त्यांच्या कानांत आहे, जिभेवर आहे, डोळ्यांत नाही. त्यामुळे आजोबांची दृष्टी गेली की घरातील शेवटचा मराठी वाचक जातो, आणि कपाटातील पोथ्या, कादंबऱ्या, हे मासिकसुद्धा, सर्वांनाच मुके होते. एकाच्या मोतीबिंदूने सबंध घर आपल्या भाषेच्या बाबतीत आंधळे व्हावे, ही हानी कोणत्याही जनगणनेच्या रकान्यात बसणारी नाही.

दृष्टी गेली म्हणजे विद्या संपली, असे मात्र मुळीच नाही. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टीस मुकले; इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनी शंभराहून अधिक रचना सिद्ध केल्या. आपल्या शेजारच्या गदगेस वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई (१८९२–१९४४) आणि त्यांचे शिष्य पुट्टराज गवई (१९१४–२०१०) या दोघा दृष्टिहीन गुरूंनी कित्येक अंध मुलांस संगीताची विद्या दिली. दोन्ही ठिकाणी विद्या कानांवाटे पोहोचली, कारण कोणीतरी गाऊन अथवा वाचून दाखविणारे होते.

बोटांवाटे पोहोचणारी विद्याही आहे. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलची एक गोष्ट आपणां सीमाभागातील लोकांस विशेष भावेल. मराठी ‘क’ आणि कानडी ‘क’ डोळ्यांना निराळे दिसतात, पण ब्रेलमध्ये दोहोंचे ठिपके तेच! २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. २०१६ मध्ये केंद्र शासनाने ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय उघडले. परंतु सत्तरीत दृष्टी गेलेल्या माणसास नव्याने ठिपके शिकणे अवघड जाते. त्यास हवा असतो तो घरचा आवाज.

तो आवाज घरातच आहे. आमच्या शाळांतून बहुतेक मुले हिंदीच्या निमित्ताने देवनागरी शिकतात. लिपी त्यांस येते. भाषा त्यांनी घरी ऐकलेली असते. या दोहोंची गाठ तेवढी कोणी घालून दिलेली नसते. रोज पंधरा मिनिटे मुलाने आजी-आजोबांस मराठी वाचून दाखवावे. तो अडखळेल, आजोबा न पाहताच शब्द दुरुस्त करतील. वृद्धास पुस्तक परत मिळेल आणि मुलास भाषा. वाचताना मूल पुस्तक नाकाशी नेत असेल, वर्गात फळा सोडून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत असेल, तर त्यास आळशी न म्हणता त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

वाचकांनी हा अंक मिटण्यापूर्वी आपल्या घराची एक छोटी गणना करावी, अशी आमची विनंती आहे. पूर्वी वाचीत असे आणि आता वाचीत नाही, असे घरात कोण आहे? कारण विचारावे. चष्मा हवा असेल तर चष्मा, शस्त्रक्रिया हवी असेल तर शस्त्रक्रिया, आणि दोन्हींचा उपयोग नसेल तर वाचून दाखविणारे कोणीतरी, यांपैकी एक गोष्ट येत्या महिन्यात त्या व्यक्तीस मिळावी.