घरांतील बुरशी व साठविलेलें धान्य

लोटे येथें थंडी सौम्य. घरांतील बुरशीचें मूळ पावसाळी ओलींत आहे. जांभा दगड सच्छिद्र असल्यानें भिंत पाणी शोषून घेते, व तिला टेकलेली कणगी आंतून बुरसते. ह्यास्तव शेतकरी बंधूंनीं मृगापूर्वीं घर शाकारून घ्यावें. भात ओलाव्याचें प्रमाण शेंकडा १४ च्या आंत येईपर्यंत वाळवावें, कणगी भिंतीपासून हातभर दूर फळ्यांवर ठेवावी आणि उघाड पडतांच खिडक्या उघडाव्या. बुरसलेलें धान्य धुऊनही खाऊं नये, गुरांस वा कोंबड्यांसही घालूं नये. १९६० सालीं इंग्लंडांत बुरसलेल्या भुईमुगाच्या पेंडीनें लाखभर टर्की पक्षी दगावले. त्या पेंडींतील अफ्लाटॉक्सिन हें विष शिजवूनही पुरतें जात नाहीं. मण-दोन मण भात टाकण्याचें दुःख घरांतील दुखण्याहून खचितच हलकें.