आडनांवाचा हुकूम

परक्या माणसाची गांठ पडली असतां त्यानें नांव सांगितलें तरी आपलें समाधान होत नाहीं. "आडनांव काय?" हा दुसरा प्रश्न लागलीच ओठांवर येतो, आणि तो कशासाठीं विचारला जातो हें विचारणारा व सांगणारा दोघेही पक्के जाणून असतात. आडनांवावरून जात ओळखण्याची ही विद्या आमच्याकडे पोराटोरांसही अवगत आहे. ज्या देशांत बहुतेक रयतेस चारचौघांत आडनांव लावण्याची मुळीं मुभाच नव्हती, आणि जेथें सरकारानें एका हुकुमानें तें सर्वांच्या गळ्यांत बांधिलें, त्या जपानची हकीकत म्हणूनच आमच्या वाचकांनीं, विशेषतः व्यापारी मंडळीनें, लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे.

तोकुगावा घराण्याच्या अमलांत (१६०३–१८६८) सामुराई ओळखावयाचा तो दोन गोष्टींवरून: कमरेस तलवार आणि नांवामागें आडनांव. शेतकरी, कारागीर व व्यापारी यांस या दोन्ही गोष्टींची उघड मनाई होती. त्यांच्या पुष्कळ घराण्यांस आडनांवें नव्हतीं असें नाहीं; देवळास दिलेल्या देणग्यांच्या नोंदींत तीं आढळतात. परंतु सरकारी कागदावर अमुक गांवचा तारो, म्हणजे थोरला, किंवा जिरो, म्हणजे दुसरा, एवढेंच. आडनांव म्हणजे तिजोरींतला दागिना झाला होता. घरांत घालावा, बाहेर पडतांना काढून ठेवावा.

व्यापाऱ्यांनीं यावर आपल्यापुरता तोडगा काढिला. ते पेढीच्या नांवानें ओळखले जात. एदो शहरांत, म्हणजे आतांच्या तोक्योंत, १६७३ सालीं मित्सुई घराण्यानें कापडाचें दुकान घातलें, तें 'एचिगोया' या नांवानें. यांतील 'या' म्हणजे दुकान. पेढीचा धनी वारला कीं वारसानें पेढीबरोबर त्याचें नांवही घ्यावयाचें, अशीही पुष्कळ ठिकाणीं रीत होती; माणूस बदले, नांव चालू राही. कर्जांत बुडालेले सरदार कधीं कधीं धनिकांकडून मोठी देणगी घेऊन त्यांस आडनांव व तलवार बाळगण्याची परवानगी देत. मान विकत मिळे खरा, पण तो मान माणसाचा नसून थैलीचा असे.

वरच्या थरांत तर नांव ही बढतीची पायरीच होती. सामुराईच्या मुलाचें बाळपणीचें नांव वेगळें, वयांत आल्यावरचें वेगळें. धनी प्रसन्न झाल्यास आपल्या नांवांतलें एक अक्षर चाकरास बक्षीस देई. हिदेयोशी हा खालच्या थरांतून वर आलेला पुरुष; किनोशिता, हाशिबा अशीं आडनांवें टाकीत शेवटीं त्यानें दरबाराकडून 'तोयोतोमी' हें नवें कुलनांव मिळविलें, आणि ज्या वाटेनें आपण वर चढलों ती वाट इतरांस बंद केली. सम्राटास मात्र आडनांव नव्हतें, व आजही नाहीं. आडनांव वरून खालीं दिलें जातें. सम्राटाच्या वर देणारा कोण?

१८६८ च्या राज्यक्रांतीनंतर चित्र पालटलें. १८७० सालीं नव्या सरकारानें सामान्य जनांस आडनांव लावण्याची परवानगी दिली. लोक तिच्यावर तुटून पडले असतील असें वाटेल. पण तसें झालें नाहीं. सरकार फुकट कांहीं देतें तेव्हां मागून कर येतो, ही शंका सर्व देशांच्या रयतेस येते, तशीच तेथेंही आली असें सांगतात. पुढें कुटुंबांची नोंदवही तयार झाली, १८७३ त सक्तीची लष्करभरती आली, आणि एकाच नांवाचे शंभर तारो कोणाच्या घरचे हें लष्करी खात्यास कळेना. तेव्हां १८७५ च्या फेब्रुवारींत हुकूम सुटला कीं प्रत्येकानें आडनांव लाविलेंच पाहिजे. हक्क होता तो पांच वर्षांत कर्तव्य झाला! मग कोणी 'तानाका', म्हणजे शेतामधला, कोणी 'यामादा', म्हणजे डोंगरशेतवाला झाला.

स्त्रियांची गोष्ट थोडक्यांत अशी. लग्नानंतरही बायकोनें माहेरचेंच आडनांव लावावें असा आरंभीं, १८७६ त, हुकूम होता. १८९८ च्या दिवाणी कायद्यानें तिला सासरचें नांव लाविलें. १९४७ त दोघांपैकीं कोणाचेंही एक निवडावें अशी दुरुस्ती झाली. कायद्याचे शब्द समतेचे आहेत, पण सुमारें शंभरांत पंचाण्णव जोडपीं नवऱ्याचेंच निवडतात. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१५ व २०२१ सालीं हा कायदा वैध ठरविला. निवडीची मुभा कागदावर आहे एवढ्यावर न्यायमूर्तींचें समाधान व्हावें, हें आम्हांस पटत नाहीं.

परंतु खरी कसोटी लागली ती चामड्याचें व मेलेल्या जनावरांचें काम करणाऱ्या, अस्पृश्य गणलेल्या लोकांच्या बाबतींत. १८७१ सालीं त्यांचा हीन दर्जा कायद्यानें रद्द झाला. इतरांप्रमाणें आडनांवही मिळालें. पण १८७२ च्या नोंदवहींत कित्येक ठिकाणीं त्यांच्या नांवापुढें 'नवा सामान्य जन' असा शेरा कारकुनानें मारून ठेविला. नांव नवें, शेरा जुना! ती वही लोकांस पाहावयास बंद झाली १९६८ सालीं. पुढें १९७५ त असें उघडकीस आलें कीं, या लोकांच्या वस्त्यांच्या पत्त्यांचें एक गुप्त पुस्तक छापून विकलें जात असून दोनशेंहून अधिक कंपन्यांनीं तें घेतलें होतें. आडनांवावरून कळेना, तर पत्त्यावरून काढा!

महाराष्ट्र सरकारानें २०२० च्या डिसेंबरांत जातिवाचक वस्त्यांचीं नांवें बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशीं नांवें देण्याचा निर्णय केला. निर्णय योग्यच होता. परंतु अर्जावरील पत्त्यांत भीमनगर वाचून ज्याच्या मनांत जुनाच हिशेब सुरू होतो, त्याच्यावर सरकारी ठरावाचा अंमल कसा चालावा? दुकानांत मुनीम ठेवितांना, खोली भाड्यानें देतांना, "आडनांव काय? राहावयास कोठें?" हे दोन प्रश्न कामाच्या चौकशीच्या आधीं कां विचारले जातात, याचें उत्तर आमच्या व्यापारी वाचकांनीं आम्हांस कळवावें, तें आम्ही आनंदानें प्रसिद्ध करूं.