सड्यावरचे आठ महिने
रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडत असला, तरी तेथील सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारांवर, उरलेले सुमारे आठ महिने वाळवंटाशी जवळीक सांगणारी स्थिती असते. तिचे कारण पाऊस, ऊन, वारा, खडक, माती या निर्जीव, अर्थात अजैविक, घटकांच्या परस्परसंबंधात आहे. मुसळधार पावसाने विरघळणारी द्रव्ये युगानुयुगे वाहून नेल्यावर मागे उरलेल्या लोह व ॲल्युमिनियमच्या संयुगांचे कठीण कवच म्हणजे जांभा. त्यावर मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटरांचा, म्हणून पाणी टिकत नाही आणि भेगा सोडल्यास वृक्षांना मूळ धरता येत नाही. दीपकाडी ही कोकणातील कंदवर्गीय प्रदेशनिष्ठ वनस्पती कोरडा काळ जमिनीखालील कंदाच्या रूपात काढून पावसाच्या आरंभी फुलते, तर नत्राची उणीव सीतेची आसवे ही इवली वनस्पती सूक्ष्म पाणजीव पिशव्यांत पकडून भरून काढते. अशा जागेला सरसकट पडीक म्हणणे अन्यायाचेच आहे. थरच्या वाळवंटातही आढळणारे फुरसे येथे दिवसाचा ताप टाळण्यासाठी दगडांखाली राहते आणि प्रामुख्याने रात्री शिकार करते.